आसरांच्या माथ्याची वाट

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार

कोमल,

अक्षर ओळखलंस का? चष्म्याची एक काच तडकली आहे, म्हणून ओळी वर-खाली जातील. समजून घे.

काल उपकेंद्रातली सुनिता सिस्टर माझा बीपी बघायला आली होती. आपल्या गावाला लस द्यायला तीच येते आणि तुमच्या तांड्यालाही तीच जाते, हे मला माहीत होतं. पण आजवर मी तिला तुझ्याबद्दल कधी विचारलं नाही. घरात कोणी ना कोणी असतं. काल तुझी वहिनी पुनम पाणी आणायला गेली तेवढ्यात सिस्टर माझ्या दंडाला पट्टा गुंडाळता गुंडाळता हळूच म्हणाली, "मावशी, तुमचा नातू लई गुटगुटीत हाय."

मी म्हणाले, "माझा कुठला नातू? भागवतला अजून लेकरू न्हाई."

"कोमलचा," ती म्हणाली. "कुलदीप नाव ठेवलंय. रांगून राहिलाय."

मग तिनं मशीनकडं बघितलं आणि म्हणाली, आता राहू द्या, थोड्या वेळानं पुन्हा मोजू.

तुला दिवस गेले, तू बाळंत झालीस, लेकरू रांगायला लागलं, आणि मी इथं हळदीला पाणी देत होते, भाकरी थापत होते. मला कुठंच काही टोचलं नाही. आईला कळतं म्हणतात. मला नाही कळलं, कोमल. काही कळलं नाही.

हे पत्र सिस्टर लशीच्या पिशवीतून तुला आणून देईल. तुला लिहायचं असेल तर तिच्याजवळच दे. फोन करू नको. संध्याकाळी भागवत घरी आला की माझा फोन हातात घेतो, कोणाचा आला, कोणाला केला सगळं बघतो. सहजच बघतो असं दाखवतो. तुझं लग्न झाल्यापासून ही सवय आहे, आणि आम्ही सगळे ती सवय नसल्यासारखं वागतो.

मला तुला बघायचं आहे. लेकराला बघायचं आहे. कुठं भेटायचं याचा मी काल दिवसभर विचार केला. औंढ्याला म्हणशील, तर देवळापासून बसस्टँडपर्यंत भागवतला ओळखत नाही असा दुकानदार नाही. मी तांड्यावर आले तर दुसऱ्या दिवशी तुमच्या दारात काय होईल हे तुझ्या नवऱ्याचा, जगनचा हात बघून तुला सांगायला नको. शिरड शहापूरला माझ्या माहेरी जायचं तर भागवत मोटारसायकलवर सोडायला येतो आणि न्यायलाही येतो.

राहिला तो डोंगर. आपलं गाव त्याच्या उगवतीला, तुमचा तांडा मावळतीला. मधे आसरांचा, त्या पाण्यातल्या देव्यांचा माथा. आपल्याकडून तिथं वर्षाकाठी एखादी बाई नवसाला जाते, एरवी कोणी फिरकत नाही. मी नवी नवरी होते तेव्हा सरपणाला आणि सीताफळांना त्या वाटेनं रोज चढायची. सागाची लावण, मग वनखात्याचे चर, मग नाला, आणि नाल्याच्या पुढं ती खडी चढण, जिथं मुरूम पायाखालून सुटतो. तेवढी चढण पार केली की वर आसरांचं पाणी आहे, शेंदराचे दगड आहेत, मोठा बेल आहे. त्या बेलाखाली बसून आपण दोघी भाकर खाऊ.

तुमच्या बाजूची वाट लांब आहे पण इतकी उभी नाही असं सिस्टर सांगते. लेकराला घेऊन चढता येईल का ते तू मला कळव.

बाबांचं विचारशील. त्यांचं भेटल्यावर सांगते.

आई

*

२२ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार

कोमल,

तुझं पत्र मिळालं. एवढंसं लिहिलंस. मी ते दुपारी गोठ्यात वाचलं आणि मग चुलीत घातलं. घालायचं नव्हतं, पण ठेवणार कुठं?

तू विचारतेस, "आताच काहून आठवण आली?" तुझा राग बराबर आहे. आठवण रोजच यायची. पण आठवण येणं आणि तुझ्यापर्यंत येणं यात तुझा भाऊ उभा होता. तुझ्या लग्नाचं कळलं त्या दिवशी तो कोयता घेऊन तांड्यावर गेला तेव्हा मी त्याच्या मागं धावले होते, हे तुला कोणी सांगितलं नसेल. पाणंदीपर्यंत धावले. तिथून पुढं माझा दमच सरला. जगनचा हात अजून सरळ होत नाही असं सिस्टर म्हणाली. त्यानं पोलिसात नाव दिलं नाही ते तुझ्या शब्दासाठी, हेही म्हणाली. त्याला माझा नमस्कार सांग. जावयाला सासूनं नमस्कार सांगायची रीत नाही, तरी सांग.

आता नीट ऐक. मी सगळं ठरवलं आहे.

दिवस मंगळवारचा, १७ डिसेंबर. तोवर आपल्याकडची सोयाबीन मोंढ्यावर न्यायची आहे आणि भागवतनं टेम्पो त्याच दिवसाचा सांगितला आहे. तो सकाळी हिंगोलीला गेला की दिवेलागणीशिवाय येत नाही. मंगळवार देवीचा वार, तेव्हा मी माथ्यावर जाते म्हटलं तर कोणाला नवल वाटणार नाही. मी पुनमला सांगून ठेवलं आहे की भागवतला लेकरू व्हावं म्हणून मला आसरांना खण-नारळ देऊन नवस बोलायचा आहे. बिचारी माझ्या पाया पडली. तिच्या पोटी काही राहत नाही, दोनदा गेलं. तिचे डोळे भरले ते बघून मला कसंतरी झालं, पण दुसरं कारण मला सुचलं नाही.

तू उन्हं पडल्याबरोबर निघ. थंडी आहे म्हणून उशीर करू नको, उतरताना ऊन डोळ्यांवर येतं. लेकराला पुढं घेऊ नको, पाठीशी बांध, जुन्या नऊवारीचा पट्टा चांगला बसतो. पुढं बांधलं तर पाय कुठं पडतोय ते दिसत नाही. चपला नकोत, बूट असले तर घाल, जगनचे जुने असले तरी चालतील, आत फडकं कोंब. पाणी दोन बाटल्या घे. आसरांचं पाणी आहे, पण लेकराला ते देऊ नको. गवत वाळलं आहे, त्यावरून पाय घसरतो, तिथं आडवं चाल. जगनला हाताची तकलीफ आहे, तर त्यानं चढण सुरू होते तिथपर्यंतच यावं. वर त्याला एका हातानं धरता येणार नाही.

मी रोज सकाळी वरच्या रानापर्यंत चालत जाते आणि डोक्यावर ओझं घेऊन येते. सराव म्हणून. पुनम म्हणते, "आत्या, ओझं काहून उचलता?" मी म्हणते हातपाय मोकळे होतात. थोडा दम लागतो. ते वयाचं आहे.

तू विचारलंस, "बाबा माझ्याशी बोलतील का? त्यांना सांगणार का?" त्यांना सांगायचा प्रश्न नाही. भेटल्यावर बोलू.

आई

*

२ डिसेंबर २०२४, सोमवार

कोमल,

तुझं पत्र वाचून मी पायरीवरच बसले. पुनमनं विचारलं काय झालं, मी म्हटलं चक्कर आली.

व्हय, तुझे बाबा गेले. तुला औंढ्याच्या बाजारात मिनाकडून कळलं, तुझ्या शाळेतल्या मैत्रिणीकडून, भाजी घेता घेता. "आई, मी माझ्या बापाचं सुतक हातात मेथीची जुडी धरून पाळलं," असं तू लिहिलंस. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं.

माझ्या मनात काय होतं ते सांगते. खरं-खोटं तू ठरव. हे कागदावर लिहायचं नव्हतं. तू वाचशील तेव्हा जवळ कोण असेल, लेकरू अंगावर असेल, दूध उतरायचं नाही, असं सगळं मनात येत होतं. मला वाटलं माथ्यावर बसू, तुझा हात हातात घेईन आणि मग सांगेन. म्हणून डोंगर, कोमल. लेकरू बघायचंच होतं, पण हेही सांगायचं होतं. मी बापाला जिवंत ठेवलं ते तुला फसवायला नाही.

आषाढात गेले. विहिरीवर मोटार चालू करायला गेले आणि तिथंच खाली बसले. भागवतनं त्यांना पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत आणलं, गाडी मिळाली, पण औंढ्याला पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं. तोंड वाकडं झालं होतं. मी पदरानं पुसत राहिले, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

तू विचारलंस, त्यांनी माझं नाव घेतलं का. मी खोटं लिहू शकले असते. नाही घेतलं. तू गेल्यापासून कधीच घेतलं नाही. तुझ्या शाळेच्या बक्षिसाचा पेला ते पाणी प्यायला वापरायचे, तो त्यांनी काढून टाकला आणि कुठं टाकला ते मला कधी सापडलं नाही. एवढंच मला माहीत आहे. यातून तुला काही समाधान काढता आलं तर काढ. मला नाही काढता आलं.

तुला कळवायचं मी भागवतला म्हणाले होते. तिरडी बांधून होत होती. तो सगळ्यांसमोर ओरडला, "बापाला तिनंच मारलं. तिला सांगावा गेला तर सांगावा नेणाऱ्यालाबी ठेवणार न्हाई." आणि मग डोकं भादरून पोरासारखा रडला. लोक त्याला धरत होते. तेव्हापासून त्याच्या मनात ते पक्कं बसलं आहे. आधी राग होता. आता त्याला वाटतं की त्याच्यावर काही फेडायचं उरलं आहे. म्हणून तुला सांगते, त्याच्या समोर येऊ नको. कुठंच. औंढ्याच्या बाजारातही आता जाऊ नको.

तू लिहिलंस, "मी येणार नाही, तू तुझ्या मेलेल्या माणसांबरोबर बस." बरं. तरी मी १७ तारखेच्या मंगळवारी चढणार आहे. पुनमला सांगून बसले आहे, तिनं शेजारणीला सांगितलं, खण-नारळ आणून ठेवला. मी वर जाऊन बेलाखाली बसेन आणि ऊन कललं की उतरेन. तू आलीस तर आलीस.

आई

*

१३ डिसेंबर २०२४, शुक्रवार

कोमल,

सिस्टरनं चिठ्ठी दिली. "येते" एवढाच शब्द. मी तो चुलीत घातला नाही, गिळला. खरंच गिळला, हसू नको.

सिस्टर माझ्यावर चिडली आहे. तिला आता सगळं कळलं. म्हणाली, "मावशी, नांदेडच्या डॉक्टरनं तुम्हाला जिना चढू नको सांगितलं अन् तुमी डोंगर चढून राहिलात? तुमच्या हृदयाची झडप खराब हाय. वर काही झालं तर मी काय सांगू?" मी म्हणाले, सांग की म्हातारी देवाला गेली. ती रडायला लागली. ती तुला सांगेलच म्हणून आधी मीच लिहिते. झडपेचं मागच्या दिवाळीपासून आहे. ऑपरेशनचं बोलले होते, मी नको म्हटलं. घाबरू नको. मी बसत बसत येईन. सागाच्या लावणीत एकदा, चरांपाशी एकदा, नाल्यात पोटभर, आणि मग खडी चढण बसूनच चढेन, हातांनी. त्या चढणीला धावड्याची मुळं बाहेर आली आहेत, ती धरायला होतात. सरपणाच्या वेळी मी तीच धरायची.

तू बहुतेक आधी पोचशील. पोचलीस की बेलाच्या अलीकडं कड्यावर ये, खाली बघ आणि हाक मार. मी खाली चढणीवर असेन. तुझा आवाज ऐकला की मला जोर येईल. तिथं त्या वेळी ऐकायला कोणी नसतं, गुराखी नाल्याच्या पलीकडं असतात.

मी पुरणाच्या पोळ्या करते आहे. देवीला म्हणून. लेकराला गूळ चालतो का? दात आले आहेत का? काही कळवू नको, आता वेळ नाही. मंगळवारी बघेनच.

एक सांगायचं राहिलं. भेटल्यावर मी रडले तर मला रडू दे. तू मात्र रडू नको. दोघी रडत बसलो तर वेळ तेवढ्यातच जाईल.

आई

*

१८ डिसेंबर २०२४, बुधवार

कोमल,

मी खाटेवर पडून लिहिते आहे. पायाला लाकडाची पट्टी बांधली आहे. भागवत रानात आहे आणि पुनम धुणं घेऊन गेली आहे. सिस्टर दुपारी पाय बघायला येणार आहे, तोवर हे पुरं झालं पाहिजे.

तू काल वर होतीस. मला माहीत आहे. मी का आले नाही ते तुला कोणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

भागवत सकाळी टेम्पोबरोबर गेला. मी पोळ्या, खण, नारळ बांधून घेतले आणि काठी घेऊन निघाले. सागाच्या लावणीत बसले. चरांपाशी बसले. छाती धडधडत होती, पण मन इतकं हलकं होतं की मला माझंच नवल वाटलं. नाल्यात पाणी प्यायले आणि खडी चढण धरली. मुळं जिथल्या तिथं होती. अर्ध्यावर आले तेव्हा वर बघितलं तर बेलाचा शेंडा दिसला. मी देवाचं नाव घेतलं नाही, तुझंच घेतलं.

तेवढ्यात खालून आवाज आला, "ए आई! थांब की!"

भागवत होता. तोंड घामानं चमकत होतं, एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात झुडपं तोडायचा कोयता. हसत होता. माझ्याजवळ येऊन बसला आणि बाटली पुढं केली.

मी म्हणाले, "तू मोंढ्यावर गेला होतास ना?"

"अर्ध्या वाटेतून आलो. पुनमनं फोन केला, म्हणली आत्या एकट्याच चढून राहिल्यात. मोंढा काय, उद्याबी हाय." मग खाली बघून म्हणाला, "नवस माझ्यासाठी केलास अन् मी तिकडं सोयाबीन मोजत बसू व्हय? मलाबी लेकरू पाहिजे, आई. मी कोणाला बोलत न्हाई, पण पाहिजे."

त्याला संशय आला नव्हता, कोमल. तेच मला सोसत नाही. संशयानं आला असता तर मी त्याला शिव्या दिल्या असत्या. तो माझ्या मायेनं आला होता.

मी म्हणाले, "आसरांच्या नवसाला गडी चालत न्हाई. तू जा मागं."

"मग मी बेलाच्या अलीकडं थांबतो. पण इथवर आलो तर तुला वर घेऊन जातो. चल, धर माझा हात."

बेलाच्या अलीकडं. म्हणजे कड्यावर. म्हणजे जिथं तुला यायला मीच सांगितलं होतं. त्यानं माझा हात धरला आणि एक टप्पा वर ओढलं. आणखी एक टप्पा. तो जवान गडी, त्याच्या हातात मी कापसासारखी वर चालले होते. मी म्हणाले दम लागला, तो म्हणाला, बस, घाई न्हाई. मी म्हणाले परत जाऊ, तो म्हणाला, एवढं आलो अन् परत काहून? त्याचं सगळं बराबर होतं.

मग मी पाय सोडून दिला. मुरमावर पाय टाकला आणि मूळ सोडलं. घसरत खाली गेले, एका दगडाशी पाय अडकला आणि कडकन आवाज आला. इतकं लागेल असं वाटलं नव्हतं. डोळ्यांपुढं अंधारी आली. दगड घरंगळत नाल्यापर्यंत गेले. भागवत ओरडत खाली उतरला.

आणि वरून तुझी हाक आली.

"आई! ए आई!"

दोन वर्षांनी तुझा आवाज ऐकला. मी ठरवलं होतं की तो ऐकला की मला जोर येईल. भागवतनं मान वर केली. मी त्याचं मनगट धरलं आणि जीव खाऊन ओरडले. पाय दुखत होता म्हणूनच ओरडते आहे असं त्याला वाटलं. तू पुन्हा हाक मारलीस, मी पुन्हा ओरडले, तुझ्या हाकेच्या वर. माझ्या लेकीचा आवाज मी माझ्या बोंबलण्यानं बुजवला. मग मला वाटलं की माझं ओरडणं ऐकून तू खाली धावत येशील, लेकरू पाठीशी असताना. तेव्हा मी वर तोंड करून म्हणाले, "आसरामाय! जिथं हाईस तिथंच ऱ्हा! खाली येऊ नको माय, माझा भागवत माझ्याजवळ हाय, तू येऊ नको! माझ्याच्यानं तुझ्यापर्यंत येणं व्हत न्हाई!"

भागवत म्हणाला, "आई, काय बोलून राहिलीस? शुद्धीवर ये."

वर लेकरू रडलं. बारीक, एकदाच. मग थांबलं. तू त्याला छातीशी घेतलं असशील. मग काहीच नाही. वारा, आणि कुठंतरी एक होला पक्षी बोलत होता. तुला कळलं होतं. माझी पोरगी हुशार आहे, लगेच कळलं तिला. मी तिथं पडल्या पडल्या मनात तुझं कौतुक केलं, कोमल, आणि दुसरं करायला काही नव्हतं.

भागवतनं मला पाठीवर घेतलं. हात मोकळे पाहिजेत म्हणून कोयता माझ्याकडं दिला, "हे धर, आई." सगळी चढण तो मला पाठीवर घेऊन उलटा उतरला, मुळं धरत, दर पावलाला विचारत, "लई दुखून राहिलं का?" याच पाठीवर त्यानं बापाला आणलं होतं. त्याच्या मानेवरचा घाम माझ्या गालाला लागत होता. माझ्या हातात कोयता होता आणि त्याची मान माझ्या तोंडाशी. तेव्हा माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते मी लिहीत नाही. मी आई आहे त्याचीही. नाल्याजवळ मी कोयता करवंदीच्या जाळीत सोडून दिला. घरी आल्यावर त्याच्या लक्षात आलं. म्हणाला, "जाऊ दे, दुसरा हाय."

रात्री त्यानं स्वतः माझ्या पायाला तेल लावलं, डॉक्टरला घरी आणलं. पोळ्या कुठंतरी सांडल्या, त्याचं त्याला वाईट वाटलं. पाय दाबता दाबता सहज म्हणाला, "आई, वर कोणी बाई व्हती का गं? लेकरू रडल्यासारखं वाटलं मला."

मी म्हणाले, "शेळी असंल. गुराख्याची."

तो म्हणाला, "व्हय. असंल." आणि बराच वेळ पाय दाबत राहिला. माझ्याकडं बघितलं नाही.

आज सकाळी चहा पिताना पुनमला म्हणाला की नवस अर्धा ठेवू नये. आई बरी होईपर्यंत दर मंगळवारी मी वर जाऊन नारळ फोडीन. गडी चालत नाही असं मी पुन्हा म्हणाले. तो म्हणाला, "देवी माझी, नवस माझा, मला काहून चालत न्हाई?" आणि मग विचारलं, "त्या माथ्यावरून पलीकडं तांड्याला वाट उतरती ना?"

मी काही बोलले नाही. ती वाट आहे की नाही हे त्याला माझ्या न बोलण्यातूनच कळलं असेल.

त्याला काय कळलं आहे आणि काय नाही हे मला सांगता येत नाही. मी त्याला जन्म दिला, तरी सांगता येत नाही. येत्या मंगळवारी तो वर जाईल. पुढच्याही मंगळवारी जाईल. एखाद्या दिवशी पलीकडं उतरेल.

म्हणून ही पट्टी सुटायची वाट न बघता लिहिते. जगनला घेऊन तांडा सोड. तुझ्या सासूबाई मिराबाई नाराज होतील, त्यांना माझं नाव सांग, म्हणावं एका आईनं दुसऱ्या आईपुढं पदर पसरला आहे, पोरांना जाऊ द्या. जगनची माणसं ऊसतोडीला जिकडं जातात तिकडं जाऊ नका, तिथं आपल्याकडचे मुकादम असतात. जिथं आपल्या बोलीवरून कोणी गाव ओळखणार नाही अशा ठिकाणी जा. लेकराला तिथल्या शाळेत घाल. त्यानं आजोळ विचारलं तर नाही म्हणून सांग.

मी पुन्हा लिहिणार नाही. तूही लिहू नको. डॉक्टर म्हणाला पाय जुळेल, पण मला आता चढण चढता येणार नाही, आणि झडपेचं तर तुला माहीतच आहे. माथ्यावर भेटायचं राहिलं ते राहिलं. तुला मी शेवटची बघितली ती हिंगोलीला कॉलेजला जाताना, पाठमोरी, ओढणी दारात अडकली म्हणून चिडलेली. तेवढी पुरवीन.

कुठं जातेस ते मला कळवू नको. सुनिता सिस्टरलाही सांगू नको. मी तिला विचारीन, कोमल. बीपीचा पट्टा बांधताना विचारीन, रडून विचारीन, तिच्या पायाही पडेन, आणि ती मायाळू आहे, सांगून टाकेल. म्हणून तिला सांगू नको.

आई